आधी कच्चा नमुना, मग प्रणाली : सॉफ्टवेअर निर्मितीत प्रोटोटाइपचे स्थान

जुलै २०११ मध्ये भारत निवडणूक आयोगाने एका नव्या यंत्राची परीक्षा घेण्यासाठी देशातील पाच ठिकाणे निवडली. लडाखची थंड व विरळ हवा, जैसलमेरचा वाळवंटी उष्मा, चेरापुंजीचा पाऊस, तिरुवनंतपुरमचा किनारी दमटपणा आणि पूर्व दिल्लीची दाट वस्ती, असे परस्परांहून सर्वस्वी भिन्न वातावरण त्यामागे हेतुतः पाहिले होते. यंत्र होते ‘व्हीव्हीपॅट’. मतदाराने ज्या उमेदवारापुढील बटण दाबले, त्याचे नाव व चिन्ह कागदी चिठ्ठीवर छापून काही सेकंद दाखविणारे हे उपकरण. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सार्वजनिक उपक्रमांनी त्याचा प्रोटोटाइप, म्हणजेच आद्य नमुना, तयार केला होता.

या चाचणीतील अनुभवावरून नमुन्यात सुधारणा करण्यात आल्या. जुलै-ऑगस्ट २०१२ मध्ये पुन्हा क्षेत्रीय चाचणी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तज्ज्ञ समितीने रचनेला मान्यता दिली आणि ४ सप्टेंबर २०१३ रोजी नागालँडमधील नोकसेन विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत हे यंत्र प्रथमच प्रत्यक्ष मतदानासाठी वापरले गेले. देशभरातील सर्व मतदान केंद्रांवर ते पोहोचण्यास २०१९ ची लोकसभा निवडणूक उजाडावी लागली.

यंत्र, छपाई आणि त्यांना चालविणारी आज्ञावली यांचा मेळ घालणाऱ्या या उपकरणाचा प्रवास संथ वाटेल. परंतु नमुना, परीक्षा, दुरुस्ती, पुन्हा परीक्षा आणि त्यानंतरच वापर हा जो क्रम त्यात दिसतो, तोच सॉफ्टवेअर निर्मितीतील प्रोटोटाइप पद्धतीचा गाभा आहे. बँकेचे व्यवहार, शिधापत्रिका, परीक्षेचे अर्ज, रुग्णालयातील नोंदी असे दैनंदिन जीवनाचे बहुतेक व्यवहार संगणक प्रणालींवर विसंबू लागल्यानंतर ही पद्धत केवळ अभियंत्यांच्या जिज्ञासेचा विषय उरलेली नाही. प्रणाली चुकीची बांधली गेली, तर तिचा भुर्दंड अखेरीस खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सोसावा लागतो.

प्रोटोटाइप म्हणजे काय?

शिंपी कापड बेतल्यानंतर लगेच पक्की शिवण घालत नाही. धावदोऱ्याने तुकडे जोडून तो कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहतो. खांदा ओढतो आहे, बाही आखूड आहे, हे तेव्हाच कळते आणि दोरा उसवणे सोपे असते. प्रोटोटाइपचे कार्य हेच आहे. भावी प्रणालीचे एखादे अंग दाखविणारा, जाणीवपूर्वक अपूर्ण ठेवलेला आणि थोड्या खर्चात बदलता येणारा नमुना, अशी त्याची व्याख्या करता येईल. तो एखाद्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी बनविलेला असतो. प्रश्नच निश्चित नसेल, तर नमुना कितीही आकर्षक असला तरी तो केवळ देखावा ठरतो.

समजा, एखाद्या सहकारी पतसंस्थेला दैनंदिन अल्पबचत संकलनासाठी नवी प्रणाली हवी आहे. ‘प्रतिनिधी मोबाइलवर रक्कम नोंदवील आणि ठेवीदारास पावती मिळेल’ असे वाक्य मागणीपत्रात लिहिले जाते. संचालक त्यावर सही करतात, विकसकांनाही ते स्पष्ट वाटते. परंतु कच्चा नमुना घेऊन प्रतिनिधी बाजारपेठेत उभा राहतो, तेव्हा वेगळेच प्रश्न पुढे येतात. तळघरातल्या दुकानात नेटवर्क मिळत नाही; मग नोंद कुठे साठवायची? दुकानदाराने कालचे आणि आजचे पैसे एकत्र दिले, तर तारीख कोणती घालायची? चुकून शून्य जास्त पडले, तर दुरुस्तीचा अधिकार कोणाचा? यांपैकी एकही प्रश्न मागणीपत्रात नव्हता. काम करणाऱ्याला आपले काम इतके अंगवळणी पडलेले असते की, ते शब्दांत मांडताना त्याचा निम्मा भाग निसटतो. नमुना हाती आला की निसटलेले आठवते.

प्रोटोटाइपच्या जवळपास वावरणाऱ्या काही संज्ञांशी त्याची गल्लत केली जाते. ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ ही एखादी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, एवढेच तपासते. ‘पायलट’ म्हणजे प्रायोगिक उपयोजन. त्यात प्रणाली प्रत्यक्ष काम करणारी असते, फक्त तिचे क्षेत्र मर्यादित ठेवलेले असते. ‘किमान वापरयोग्य उत्पादन’ हे खऱ्या ग्राहकांना वापरण्यास दिलेले पहिले, तोकडे परंतु खरे उत्पादन असते. प्रोटोटाइप या तिन्हींहून वेगळा आहे. त्यावर कोणाचाही खरा व्यवहार अवलंबून नसतो, म्हणूनच तो चुकला तरी चालते.

विचार कसा रुजला?

सॉफ्टवेअर निर्मितीच्या प्रारंभीच्या दशकांत इमारत बांधणीचा आदर्श समोर होता. आधी सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग आज्ञावलीचे लेखन, मग चाचणी आणि शेवटी हस्तांतरण. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पाणी पडावे तसे काम पुढे सरकते, म्हणून या पद्धतीला पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा पद्धत असे नाव मिळाले. तिचे मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाचा दाखला नेहमी दिला जातो. मात्र त्याच निबंधात रॉइस यांनी या सरळ क्रमात धोका असल्याचे बजावले होते. प्रणाली प्रथमच बांधली जात असेल, तर ग्राहकाच्या हाती पडणारी आवृत्ती ही वस्तुतः दुसरी असावी, असा त्यांचा सल्ला होता. काम ३० महिन्यांचे असेल, तर त्यातील सुमारे १० महिने प्राथमिक नमुन्यासाठी राखावेत, असे उदाहरणही त्यांनी दिले. पुढील पिढ्यांनी आकृती उचलली. सल्ला मात्र मागे राहिला.

आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात हाच मुद्दा अधिक ठसठशीतपणे मांडला. पहिली प्रणाली टाकून द्यावी लागतेच, तेव्हा ती टाकण्याचे नियोजन आधीच करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वीस वर्षांनंतर, १९९५ च्या वर्धित आवृत्तीत, त्यांनी स्वतःच हे मत दुरुस्त केले. एक संपूर्ण प्रणाली बांधायची आणि ती टाकून दुसरी बांधायची, या कल्पनेतही धबधबा पद्धतच गृहीत धरलेली होती, हे त्यांनी मान्य केले आणि छोट्या, चालत्या प्रणालीपासून आरंभ करून ती टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा पुरस्कार केला. मधल्या काळात, १९८६ मधील एका गाजलेल्या निबंधात, नेमके काय बांधायचे हे ठरविणे हाच सॉफ्टवेअरमधील सर्वांत कठीण भाग असल्याचे प्रतिपादन करून त्यावरील उपायांत त्यांनी प्रोटोटाइपला स्थान दिले होते.

या मतांना प्रयोगाची जोड बॅरी बोहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ गटांना एकच छोटी प्रणाली तयार करण्यास सांगण्यात आले. चार गटांनी आधी सविस्तर तपशीलपत्र लिहिले, तर तीन गटांनी प्रोटोटाइपपासून सुरुवात केली. प्रोटोटाइप गटांची प्रणाली कामगिरीत साधारण तुल्यबळ ठरली; मात्र तिला सुमारे ४० टक्के कमी आज्ञावली आणि सुमारे ४५ टक्के कमी श्रम लागले. ती शिकण्यास व वापरण्यास सोपी होती. उलट बाजूने, तिच्यात सुविधा थोड्या कमी होत्या आणि दणकटपणाही कमी होता. तपशीलपत्रापासून निघालेल्या गटांच्या रचना अधिक सुसंगत होत्या आणि त्यांचे भाग एकमेकांना जोडणे सुकर होते.

हा निष्कर्ष तोलून पाहण्याजोगा आहे. प्रोटोटाइपमुळे नको असलेल्या सुविधा गळून पडतात, वापरणाऱ्याची सोय साधते. पण पाया आपोआप भक्कम होत नाही. दोन्ही पद्धतींची सांगड घालण्याचा मार्ग बोहम यांनीच सुचविला. त्यांच्या ‘स्पायरल’ म्हणजे सर्पिल पद्धतीत, जी १९८८ च्या निबंधामुळे सर्वत्र पोहोचली, प्रत्येक फेऱ्याच्या आरंभी सर्वांत मोठा धोका कोणता, हे ठरविले जाते आणि तो तपासण्यापुरताच नमुना बनविला जातो. आज प्रचलित असलेल्या ‘अजाइल’ पद्धतींतील लहान लहान आवर्तनांमागेही हीच दृष्टी आहे.

कागद, पुठ्ठा आणि लाकूड

प्रोटोटाइपसाठी संगणक लागतोच, असे नाही. याचे एक उदाहरण वृत्तपत्र व्यवसायातीलच आहे. १९८१ मध्ये स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधक आणि नॉर्डिक देशांतील मुद्रण कामगारांची संघटना यांनी ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. खिळे जुळविणारे आणि पाने लावणारे कारागीर संगणकीकरणाच्या लाटेत बाजूला पडू नयेत, त्यांच्या कौशल्याला पूरक अशी साधने घडावीत, हा त्यामागील हेतू होता. पडद्यावर पान लावण्याची यंत्रणा तेव्हा सहज उपलब्ध नव्हती आणि लिखित आराखडे कारागिरांना अपरिचित होते. तेव्हा संशोधकांनी लाकडी फळ्या, कागद व पुठ्ठ्याची खोकी यांपासून खोटे संगणक उभे केले. लेसर मुद्रकाच्या जागी नुसते रिकामे खोके ठेवून त्यावर त्याचे नाव लिहिले. कारागीर त्या खोट्या यंत्रांपुढे बसून प्रत्यक्ष पान लावल्याप्रमाणे हालचाली करीत आणि काय अडते ते सांगत. पुठ्ठ्याला कोणी बिचकत नाही. तो कापून, हलवून, फेकून देता येतो. त्यामुळे संगणकाचे ज्ञान नसलेला माणूसही रचनेत बरोबरीने भाग घेऊ शकला.

दुसरे उदाहरण लाकडाचे. पाम कंपनीचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी खिशात मावणारा संगणक बनविण्याचे ठरविले, तेव्हा त्या आकाराचा लाकडी ठोकळा कापून ते तो खिशात घेऊन वावरू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर नोंद केल्याचा ते अभिनय करीत. उपकरण कोणत्या क्षणी खरोखर खिशातून काढावेसे वाटते आणि किती टप्प्यांत काम व्हावे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९६ मध्ये बाजारात आलेला पाम कंपनीचा ‘पायलट’ त्या ठोकळ्याचा वारस होता.

तिसरा प्रकार पडद्याआडच्या माणसाचा. बोललेले शब्द टंकलिखित करणारे यंत्र लोकांना उपयोगी वाटेल का, हे आयबीएमच्या संशोधकांना जाणून घ्यायचे होते. परंतु तसे यंत्र बनविण्याचे तंत्रज्ञान उपलब्ध नव्हते. तेव्हा त्यांनी शेजारच्या खोलीत एक कुशल टंकलेखक बसविला. सहभागी व्यक्ती ध्वनिक्षेपकात बोले आणि शब्द तिच्यासमोरील पडद्यावर उमटत. यंत्राची शब्दसंख्या मर्यादित असती, तर काय झाले असते, हेही त्यांनी कृत्रिमरीत्या तपासले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून, शब्दसंग्रह मोठा असेल तर एकेक शब्द थांबून उच्चारावा लागला तरी असे यंत्र उपयुक्त ठरू शकेल, असे दिसून आले. या तंत्राला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ पद्धत म्हणतात. आज संवाद साधणाऱ्या प्रणालींची पूर्वपरीक्षा घेताना तिचा वापर होतो.

याच संस्थेतील संशोधकांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी खेळाडूंना ध्वनिसंदेश पाठविण्याची व ऐकण्याची सोय असलेली प्रणाली उभारली. ती १२ भाषांत चालणार होती आणि स्पर्धेची तारीख पुढे ढकलता येणार नव्हती. आज्ञावली लिहिण्यापूर्वी त्यांनी वापराचे प्रसंग कागदावर मांडले, वापरकर्त्यासाठीची पुस्तिका आधी लिहिली आणि ती लोकांना वाचायला दिली. प्राथमिक नमुना कार्यालयाच्या वाटेवर ठेवला, जेणेकरून येणारा-जाणारा थांबेल, वापरून पाहील आणि बोलेल. पुस्तिका समजत नसेल, तर दोष वाचणाऱ्याचा नसून प्रणालीचा आहे, असे गृहीत धरून बदल केले गेले.

टाकाऊ की टिकाऊ?

प्रोटोटाइपचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला टाकाऊ : प्रश्नाचे उत्तर मिळाले की तो बाजूला ठेवायचा आणि प्रणाली नव्याने लिहायची. दुसरा उत्क्रांत होणारा : त्याच्यावरच थर चढवीत अंतिम प्रणाली घडवायची. दोन्ही ग्राह्य आहेत. परंतु आपण कोणता बनवीत आहोत, हे आरंभीच ठरवावे लागते. टाकाऊ नमुन्यात सुरक्षितता, चुकीच्या माहितीची हाताळणी, एकाच वेळी अनेकांनी वापर केल्यास येणारा भार यांचा विचार केलेला नसतो आणि तो तसा केलेला नसणे हेच त्याचे बळ असते. टिकाऊ नमुन्यात मात्र या गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतात.

आणखी एक भेद विस्ताराचा व खोलीचा आहे. आडव्या नमुन्यात सगळे पडदे दिसतात, पण त्यांच्यामागे काहीच नसते. उभ्या नमुन्यात एकच सुविधा असते, पण ती पडद्यापासून माहितीसाठ्यापर्यंत पूर्ण काम करते. आडव्या नमुन्यावरून खोलीविषयी निष्कर्ष काढला की फसगत होते. अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या संकेतस्थळाचा माहिती देणारा भाग २०१३ च्या जूनमध्ये खुला झाला, तेव्हा त्याच्या सुटसुटीतपणाचे कौतुक झाले होते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. दर्शनी भाग आणि नोंदणीची यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आरंभापासून अंतापर्यंतची संपूर्ण साखळी पुरेशी तपासली गेली नव्हती.

शिवणकामात धावदोरा आणि पक्की शिवण डोळ्यांना वेगळी दिसते. ढिला टाका पाहून कोणी कपडा घालून घराबाहेर पडत नाही. सॉफ्टवेअरची अडचण अशी की, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. वरिष्ठांनी नमुना पाहिला, त्यांना तो आवडला आणि ‘हे तर तयारच आहे, पुढच्या महिन्यात सुरू करा’ असा आदेश निघाला, हा प्रसंग या व्यवसायातील बहुतेकांना परिचित आहे. मग दोन दिवसांत जुळविलेली आज्ञावली वर्षानुवर्षे लोकांचे व्यवहार वाहत राहते. म्हणूनच अनेक रचनाकार आरंभीचे नमुने मुद्दाम हाताने काढलेल्या रेखाटनांसारखे ओबडधोबड ठेवतात. याचा दुसराही लाभ होतो. नमुना रेखीव असेल, तर पाहणारे रंग आणि अक्षरांवर बोलतात. तो कच्चा असेल, तर कामाच्या क्रमावर बोलतात.

भारतीय अनुभव

मोठ्या लोकसंख्येच्या आणि अनेक भाषांच्या देशात नमुन्याची परीक्षा कुठे आणि कोणावर होते, याला विशेष महत्त्व आहे. ‘आधार’साठी नावनोंदणी सुरू करण्याआधी विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१० मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि बिहारच्या ग्रामीण भागात ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ राबविले. बोटांचे ठसे आणि बुबुळांचे चित्रण गावपातळीवर कसे घेता येते, त्याला किती वेळ लागतो, मिळालेला दर्जा ओळख पटविण्यास पुरेसा ठरतो का, हे त्यात पाहिले गेले. श्रमाच्या कामाने झिजलेल्या बोटांचा प्रश्न प्रयोगशाळेत बसून पुरता उमगणारा नव्हता. त्यानंतर २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले.

मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ‘यूपीआय’ची सुरुवातही टप्प्यांनीच केली. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह प्रायोगिक आरंभ झाला, तर बँकांची यूपीआय ॲप २५ ऑगस्ट २०१६ पासून सर्वसामान्यांना उपलब्ध होऊ लागली. डिजिटल रुपयाच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ आणि किरकोळ व्यवहारांसाठी १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक उपयोजनाचा मार्ग धरला. किरकोळ व्यवहारांचा प्रयोग प्रथम मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरु व भुवनेश्वर या चार शहरांपुरता होता. ही उदाहरणे प्रोटोटाइपच्या पुढच्या पायरीची आहेत. पण ‘चूक मर्यादित क्षेत्रात घडू द्यावी’ हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

भारतीय भाषांच्या संदर्भात नमुना आणखी एक काम करतो. इंग्रजी मजकूर घालून बनविलेला पडदा नेटका दिसतो. त्याच चौकटीत देवनागरी मजकूर घातला की रकार व मात्रा कापल्या जातात, जोडाक्षरे तुटतात, बटणावरील शब्द दोन ओळींत जातो. नावाचा रकाना हे तर ठळक उदाहरण. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. तमिळनाडूत अनेकांना आडनावच नसते, आद्याक्षर असते. अन्यत्र एकाच शब्दाचे नाव आढळते. ‘आडनाव अनिवार्य’ अशी अट घातलेला अर्ज चेन्नईतील नागरिकास अडवतो आणि हे नमुन्यात खरी नावे भरून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडलेल्या ‘कीलेख’ या वर्णमालेच्या रचनेवर आधारित कळफलकाचे आणि नंतरच्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकाचे काम याच जाणिवेतून झाले. ‘स्वरचक्र’मध्ये व्यंजनाला स्पर्श करताच त्याभोवती स्वरचिन्हांसह अक्षरांचे वर्तुळ उमटते. बाराखडी गिरविलेल्या माणसाला ही रचना नव्याने शिकवावी लागत नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

नमुना किती लोकांना दाखवावा, हा नेहमीचा प्रश्न आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी गणिती प्रारूपाच्या आधारे असे मांडले की, ५ वापरकर्त्यांच्या चाचणीतूनच सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. म्हणून एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा दुरुस्त्या करीत लहान चाचण्या अनेकदा घ्याव्यात. मात्र हा आकडा सारख्या प्रकारच्या वापरकर्त्यांना लागू पडतो. शेतकरी, बँक कर्मचारी आणि ज्येष्ठ नागरिक एकच प्रणाली वापरणार असतील, तर प्रत्येक गटातून स्वतंत्र माणसे बोलवावी लागतात. शिवाय सर्वांनी मान्य केलेला आकडा म्हणून त्याकडे पाहणे योग्य नाही. तो संख्येने थोड्या, पण वारंवार घेतलेल्या चाचण्यांच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

चाचणीची रीत साधी असते. वापरणाऱ्याला एखादे खरे काम सांगावे, उदाहरणार्थ ‘मागील महिन्याची पावती शोधा’ आणि मग शांत बसावे. ‘आवडले का?’ असे विचारल्यास भिडेखातर होकार मिळतो. बोट कुठे थबकले, हे पाहिल्यास उत्तर मिळते. मदत करण्याचा मोह आवरणे हीच विकसकाची खरी कसोटी. प्रणाली वापरात येईल, तेव्हा तो शेजारी उभा नसणार, याची आठवण त्याने ठेवावी लागते.

प्रणाली विकत घेणाऱ्या संस्थांनीही नमुन्यापुढे काही प्रश्न मांडणे हिताचे आहे. हा नमुना कोणता प्रश्न तपासण्यासाठी आहे? यात काय खरे आहे आणि काय केवळ दाखविण्यापुरते? हा टाकून देणार की यावरच प्रणाली बांधणार? ज्यांना रोज वापर करायचा आहे, त्यांनी तो हाताळला का? चाचणीनंतर काय बदलले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर नमुना निर्दोष होता असे मानण्यापेक्षा परीक्षा झालीच नाही, असे मानणे अधिक सुरक्षित. त्याचबरोबर सगळे तपशील आधी गोठवून कामाची निविदा काढली, तर नमुन्यातून मिळालेल्या ज्ञानाला करारात जागाच उरत नाही. बदलासाठी काही वेळ व निधी आरंभीच राखून ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा काळ

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांनी प्रोटोटाइपचे अर्थकारण पालटून टाकले आहे. साध्या भाषेत वर्णन केले की काही मिनिटांत चालता नमुना समोर येतो. आज्ञावली न वाचता केवळ सूचना देत प्रणाली घडविण्याच्या या रीतीला संगणकतज्ज्ञ आंद्रेई कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. शाळेतील शिक्षक, छोटा व्यावसायिक, बचत गटाची कार्यकर्ती यांनाही आपल्या मनातील कल्पना आता स्वतः उभी करून दाखविता येते. विकसकाला समजावून सांगताना जे निसटत असे, ते आता दाखविता येते, हा लाभ लहान नाही.

परंतु जुना धोकाही यामुळे वाढला आहे. पूर्वी नमुन्याचा ओबडधोबडपणाच त्याचे कच्चेपण सांगत असे. आता काही मिनिटांत तयार झालेला नमुनाही पूर्ण प्रणालीसारखा सफाईदार दिसतो. संकेतशब्द कुठे साठवले आहेत, एकाची माहिती दुसऱ्याला दिसते का, एकाच क्षणी हजार माणसे आली तर काय होईल, याची उत्तरे पडद्यावर दिसत नाहीत. नमुना बनविणे स्वस्त झाले. तो तपासणे मात्र तेवढे स्वस्त झालेले नाही. माणसांना भेटणे, त्यांच्या कामाच्या जागी जाणे आणि त्यांना अडखळताना पाहणे, याला आजही तेवढाच वेळ लागतो.

लडाखपासून तिरुवनंतपुरमपर्यंत एका कच्च्या यंत्राला फिरविण्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. मतदानाच्या दिवशी बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चाचणीच्या दिवशी बंद पडलेले यंत्र केव्हाही परवडते. प्रोटोटाइप चूक टाळतोच असे नाही. ती अशा वेळी आणि अशा ठिकाणी घडवून आणतो, जिथे तिची किंमत सामान्य नागरिकाला मोजावी लागत नाही. नमुना दाखवून झाल्यानंतर तो बाजूला ठेवण्याची आणि जे कळले त्यानुसार पुन्हा बांधण्याची तयारी संबंधितांजवळ आहे का, यावरच त्याचे यश ठरते.